खून बांधावरून, दोष ज्वारीला

जून २०२२ मध्ये लखनौत एका सोळा वर्षांच्या मुलाने आईला गोळी घालून मारल्याचं उघडकीला आलं आणि काही तासांत देशभरातल्या वाहिन्यांचा मथळा ठरला : 'पबजी खेळू दिलं नाही म्हणून आईचा खून'. पबजी मोबाईल या गोळ्या झाडण्याच्या गेमवर भारतात त्याआधी पावणेदोन वर्षं, म्हणजे सप्टेंबर २०२० पासून बंदी होती. जुलै २०२१ पासून तिची भारतीय आवृत्ती बीजीएमआय या नावाने चालू होती. पण मथळ्याला नाव हवं होतं ते पबजीचंच. आरोपी आधीपासून ओळखीचा असला की बातमी लिहायला सोपी जाते.

त्याच बातम्यांच्या पोटात बाकीचा तपशीलही होता. वडील सैन्यात, दूर नेमणुकीवर. घरात त्यांचं परवान्याचं पिस्तूल, तेही मुलाच्या हाताला लागेल असं. घरातले दहा हजार रुपये सापडेनात म्हणून मुलावर चोरीचा आळ आला होता आणि त्यावरून त्याला मार बसला होता, असंही तेव्हा छापून आलं. यातली एकेक गोष्ट वेगळी काढून बघा. गेम काढला तर आळ उरतो, मार उरतो आणि हाताशी असलेलं पिस्तूल उरतं. पिस्तूल काढलं तर मात्र उरतं ते फक्त भांडण, हजारो घरांत रोज होतं तसं. तरीही परवान्याचं शस्त्र घरात कसं ठेवावं, यावर त्या आठवड्यात कुणी चर्चा झोडल्याचं आठवत नाही. चर्चा झाली ती गेमची, आणि दोन महिन्यांच्या आत बीजीएमआयही ॲप स्टोअरवरून गायब झाला.

आपल्याकडच्या अशा बातम्या एकाखाली एक ठेवून वाचल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. २०१९ मध्ये बेळगावजवळच्या काकती गावात एकवीस वर्षांच्या मुलाने वडिलांना मारलं; वडील पबजी खेळण्यावरून बोलत होते. त्याच वर्षी भिवंडीत पंधरा वर्षांच्या मुलाने थोरल्या भावाला मारलं; भाऊ मोबाईलवर खेळण्यावरून रागावला होता. गेम जर माणूस मारायला शिकवत असेल, तर शिकलेला मुलगा गेममध्ये मारतो तसा मारेल. म्हणजे अनोळखी माणसाला, टपून, भांडण नसताना. इथे तसं एकदाही नाही. जो मोबाईल काढून घेतो किंवा त्यावरून बोलतो, तोच प्रत्येक वेळी मरतो. हा गेममधला हिंसाचार बाहेर सांडलेला नाही. ही घरातली मारामारी आहे आणि तिचं निमित्त मोबाईल आहे. पन्नास वर्षांपूर्वी हेच निमित्त सिनेमाच्या तिकिटाचं, दारूच्या पैशांचं किंवा सायकलचं असतं. शेताच्या बांधावरून खून पडतो तेव्हा आपण ज्वारीला आरोपी करत नाही.

'आरोपी काढायचा कसा' हे ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांच्या कागदांतही गेम सापडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. हेतूंच्या यादीत सर्वांत वर 'वाद' : ९,९६२. त्यानंतर वैर आणि सूड : ३,७६१. मग आर्थिक लाभ : १,८८४. वाद म्हणजे जमिनीचा, पाण्याचा, पैशांचा, घरातला. ही यादी वाचताना नवं काहीच हाती लागत नाही, आणि बातमीला नेमकी तीच अडचण असते. बांधावरून झालेला खून आतल्या पानावर चार ओळींत जातो.

याच अहवालांत अल्पवयीन मुलांच्या हातून घडलेल्या गुन्ह्यांचे आकडे असतात. २०१६ मध्ये ते ३५,८४९ होते. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटा कवडीमोल झाला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या हातात गेम पोचला. २०२२ मध्ये आकडा ३०,५५५ होता. गेममुळे गुन्हे कमी झाले असं सांगण्याचा वेडेपणा मी करणार नाही. नोंद होणं आणि गुन्हा घडणं यांत आपल्याकडे किती अंतर असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोट्यवधी मुलं गोळ्या झाडण्याचा खेळ रोज खेळू लागली आणि त्यामुळे ती गुन्हेगार होत असतील, तर त्याचा थोडा तरी डाग या आकड्यांवर दिसायला हवा होता. तो दिसत नाही.

अमेरिकेतला आरोप जरा वेगळा आहे. तिथे शाळेत, दुकानात घुसून अनोळखी माणसं मारली जातात, त्यामुळे 'गेमने तालीम दिली' हे म्हणणं वरवर तरी पटतं. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाईनच्या शाळेत गोळीबार करणारी दोन मुलं 'डूम' हा गोळ्या झाडण्याचा गेम खेळायची, आणि तेव्हापासून हे समीकरण पक्कं बसलं. पुढे ते जमेनासं झालं तरी कुणी सोडलं नाही. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांना मारणाऱ्या तरुणाबद्दल लगेच तसंच बोललं गेलं. चौकशी समितीला त्याच्या आयुष्यात हिंसक गेमचं वेड सापडलं नाही. आजारपणाच्या खुणा मात्र वर्षानुवर्षं दिसत होत्या. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस लहान मुलांना आणि सहा मोठ्यांना मारणाऱ्याकडे हिंसक गेम होते हे खरं. पण तो तासन्‌तास ज्यात रमायचा तो गेम गाण्याच्या तालावर पाय टाकून नाचण्याचा होता. 'डूम' बाजारात आला डिसेंबर १९९३ मध्ये. अमेरिकेत हिंसक गुन्ह्यांसाठी अल्पवयीन मुलांना होणाऱ्या अटका त्याच सुमारास शिखरावर होत्या. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत गेम घरोघरी गेले आणि अटका निम्म्याहून खाली आल्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो इथे वॉलमार्टच्या दुकानात गोळीबार झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी भाषणात भीषण व्हिडिओ गेमना दोष दिला. वॉलमार्टने आपल्या दुकानांतून हिंसक गेमच्या जाहिराती आणि फलक उतरवायला सांगितलं. त्या वेळी त्याच वॉलमार्टच्या अनेक दुकानांत बंदुका विकायला होत्या आणि त्या विकल्या जात राहिल्या. गेमवर बोट ठेवण्याचा फायदा कुणाला होतो, हे याहून उघडं क्वचितच पाहायला मिळतं. जपानमध्ये जगातले नावाजलेले गेम बनतात, तिथली पोरं आणि बापेही ते खेळतात. दर लाख लोकांमागे तिथे वर्षाला एक खूनसुद्धा होत नाही. अमेरिकेत पाच-सहा होतात. दोन देशांत शेकडो फरक असतात, हे मान्य. त्यातला एक बंदुकीच्या दुकानात दिसतो.

शास्त्रज्ञ काय म्हणतात, हा प्रश्न येतोच. इथे दोन्ही बाजूंचे लोक आपल्याला हवा तो अभ्यास फेकून मारतात, म्हणून जरा थांबून पाहायला हवं. प्रयोगशाळेत कुणाकडून खून करवून घेता येत नाही. मग आक्रमकता मोजायची कशी? वर्षानुवर्षं वापरात असलेली एक पद्धत अशी : थोडा वेळ हिंसक गेम खेळायला द्यायचा, मग समोरच्या स्पर्धकाच्या कानात कर्कश आवाज सोडायची मुभा द्यायची. किती मोठा सोडला आणि किती वेळ, ती आक्रमकता. दुसरी पद्धत याहून मजेची : तिखट सोसत नाही अशा माणसाला किती तिखट सॉस वाढला, ते मोजायचं. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या क्रेग अँडरसन यांनी अशा बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज करून हिंसक गेम आणि आक्रमकता यांचा संबंध मांडला. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण सॉसच्या चमच्यापासून खुनाच्या कलमापर्यंत फार लांबचा पल्ला आहे.

उलट बाजूचेही अभ्यास आहेत. बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या सिमोने क्यून यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढांना दोन महिने रोज 'ग्रँड थेफ्ट ऑटो' खेळायला दिला. दुसऱ्या गटाला हिंसा नसलेला गेम दिला, तिसऱ्याला काहीच नाही. आधी आणि नंतर भरपूर चाचण्या घेतल्या. आक्रमकतेत फरक आढळला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्र्यू शिबिल्स्की यांनी सहकाऱ्यासोबत ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. मोजमाप कसं करणार, निष्कर्ष कसा काढणार, हे सगळं आधीच जाहीर केलं, म्हणजे नंतर हवा तसा आकडा उचलायला जागा नको. मुलांच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं. संबंध सापडला नाही. पण २०१८ मध्येच डार्टमाउथच्या संशोधकांनी २४ अभ्यासांतली सतरा हजार मुलं एकत्र घेऊन पाहिली, तेव्हा हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढच्या काळात हाणामारीचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. थोडं म्हणजे खरोखर थोडं. शाळेतली धक्काबुक्की, मारामारी या पातळीवरचं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडली ती साधारण याच सुरात : आक्रमक वागण्याशी लहानसा संबंध आहे, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला शास्त्रीय आधार नाही. माझं मत याच रेषेवर आहे. आठ वर्षांच्या पोराने सोळा वर्षांवरच्यांचा गेम खेळू नये. ते योग्य नाही, एवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी तो उद्या खुनी होईल अशी भीती घालायची गरज नाही.

एक आक्षेप वजनदार आहे आणि तो मला पालकांच्या बोलण्यात वारंवार ऐकू येतो. सिनेमात मारणारा दुसरा असतो, गेममध्ये चाप आपलं पोर दाबतं. खरं आहे. पण पोर ते कशासाठी दाबतं, हे जवळ बसून पाहिलंय का? आमच्या इमारतीच्या जिन्यात संध्याकाळी चार पोरं पायऱ्यांवर बसून एकत्र खेळतात. 'झोन येतोय, पळ', 'मला नॉक केलं रे, रिव्हाइव्ह दे', 'मागनं स्क्वॉड आलाय, कव्हर दे ना भावा'. आवाज चढतो तो कुणी मेला म्हणून चढत नाही. आपल्याच गड्याने आधी लूट उचलली म्हणून चढतो, किंवा नेट अडकलं आणि पिंग वाढला म्हणून. खालून आई हाक मारते आणि ज्याचा डाव अर्धवट राहतो, त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर खरा संताप दिसतो. कारण हा डाव मध्येच थांबवता येत नाही, तो उठला तर बाकीचे तिघं हरतात. ज्या घरांत भांडणं होतात त्यातली बरीच याच क्षणाला होतात, आणि आईबापांना वाटतं हा त्या बंदुकीचा परिणाम. लंगडीच्या डावातून ओढून नेलेलं पोरही असंच फणफणतं.

हिंसेच्या वर्णनाचीच आपल्याला भीती असती, तर शिवजयंतीच्या मांडवात अफजलखानाच्या वधाचा पोवाडा ऐकायला आपण पाच वर्षांच्या मुलांना पहिल्या रांगेत बसवलं नसतं. कोथळा बाहेर काढल्याचा प्रसंग आला की पोरं टाळ्या वाजवतात. दिवाळीत टिकल्यांची पिस्तुलं आपणच घेऊन देतो. गोष्टीतलं मारणं आणि खरं मारणं यांतला फरक मुलांना कळतो, असं आपण शतकानुशतकं गृहीत धरलं आहे आणि ते बहुतांशी बरोबर निघालं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कॅलिफोर्नियाचा गेमविरोधी कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला, तेव्हा न्यायमूर्ती स्कालिया यांनीही मुलांना सांगितल्या जाणाऱ्या जुन्या परीकथा किती रक्ताळलेल्या असतात याकडे बोट दाखवलं होतं.

आपल्याकडचे उपाय पाहिले की हसावं की रडावं कळत नाही. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजीवर मनाई हुकूम काढला आणि गेम खेळताना सापडलेल्या दहाएक जणांना, त्यात कॉलेजची पोरं, अटक केली. गुन्हा घडू नये म्हणून, ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांना गुन्हेगार ठरवून पोलिसांनी प्रश्न सोडवला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाने, आईमार्फत, बंदीसाठी जनहित याचिका आली होती. २०२० ची बंदी आली ती मात्र हिंसेसाठी नव्हतीच. चीनशी संबंधित ११८ ॲपच्या यादीत पबजी होती, कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं. गेम भारतीय रूपात परतला तेव्हा बनवणाऱ्यांनी काय सुधारलं होतं? रक्ताचा रंग हिरवा केला होता. 'मारलं' ऐवजी 'फिनिश'. पडद्यावर सूचना : हे आभासी जग आहे. हिरव्या रक्ताने एकाही घरातलं भांडण थांबलं असेल असं मला वाटत नाही.

भीतीचा असा बाजार याआधीही भरला होता. २०१७ मध्ये अंधेरीतल्या एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येनंतर 'ब्लू व्हेल'ची लाट आली. शाळांनी पालकांना पत्रं पाठवली, व्हॉट्सॲपवर इशारे फिरले, कुठल्याही कोवळ्या मुलाच्या मृत्यूनंतर पहिला प्रश्न तोच. सरकारने समिती नेमून मोबाईल, इंटरनेटचा वापर, फोनच्या नोंदी तपासल्या. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे गृह राज्यमंत्री, आपले चंद्रपूरचे हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं, की यातल्या एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. ते उत्तर किती जणांनी वाचलं? तोवर त्या मुलांच्या मनात खरोखर काय चाललं होतं, हे विचारायची वेळ निघून गेली होती.

पुण्यात गेल्या काही वर्षांत पोरांच्या हातातल्या कोयत्याची चर्चा आहे. उसाच्या फडातलं हत्यार, सिंहगड रस्त्यावर दुकानांच्या काचा फोडायला लागलं. त्या पोरांचे मोबाईल उघडले तर त्यांत गेम असणारच, तसे ते आयटीतल्या इंजिनिअरच्या मोबाईलमध्येही असतात. त्यांना ओढतो तो वस्तीतला एखादा 'भाई', त्याच्या वाढदिवसाला कोयत्याने कापलेला केक, त्याचं रील आणि त्याखालचे लाईक. अल्पवयीन पोराला पुढे केलं तर शिक्षा हलकी, हा टोळीचा हिशेब असतो. पोराला तो ठाऊकही नसतो. इथे करण्यासारखं काम आहे, पण ते किचकट आहे. शाळा सोडलेल्यांची यादी काढावी लागेल, भाईच्या मागच्या नगरसेवकाचं नाव घ्यावं लागेल. त्यापेक्षा गेम बरा. त्याला मतदारसंघ नसतो.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि अख्खा महाराष्ट्र खवळला. तेव्हा पबवर बोललो, दारूवर बोललो, बापाच्या पैशावर, ससूनमधल्या रक्ताच्या नमुन्यांवर बोललो. हे सगळं बोलणं योग्यच होतं. त्या मुलाच्या मोबाईलमध्ये गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता का, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. श्रीमंताच्या मुलाने केलं की आपण परिस्थिती शोधतो आणि साध्या घरातल्या मुलाने केलं की मोबाईल.

याचा अर्थ गेममध्ये काळजी करण्यासारखं काहीच नाही, असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमचं व्यसन आजारांच्या यादीत घातलं, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत त्याआधी पाच वर्षांपासून अशा मुलांसाठी खास दवाखाना चालतो. तिथे येणारी तक्रार रक्ताची नसते. झोपेची असते, शाळा बुडाल्याची असते, आणि पैशाची. ऑगस्ट २०२१ मध्ये जोगेश्वरीतला एक सोळा वर्षांचा मुलगा घर सोडून निघून गेला. पोलिसांना तो अंधेरीच्या महाकाली लेण्यांपाशी सापडला. गेममध्ये लागणारी यूसी, म्हणजे तिथलं चलन, घेण्यासाठी त्याने घरच्यांच्या खात्यातून दहा लाख रुपये घालवले होते. बंदुकांच्या गेमची खरी कहाणी मला याच्यात दिसते, आणि तिच्यात गोळी सुटत नाही. रमीच्या ॲपवर तर पत्त्यांशिवाय काहीच नसतं, तरी कर्जापायी घरं बसली आहेत. आपल्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा जुलै २०२५ मधला विधिमंडळातला व्हिडिओ आठवत असेल. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. कृषी खातं गेलं आणि बदल्यात मिळालं क्रीडा खातं. असो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात रेघ ओढली ती पैशावर : पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद, ई-स्पोर्ट आणि करमणुकीचे खेळ चालू. रक्तापेक्षा पैसा पाहिला, हे निदान कुणाला तरी सुचलं. पण रेघ अर्ध्यावर थांबली. जिंकण्यासाठी पैसे लावायला दिले तर खेळ चालवणाऱ्याचा गुन्हा. बंदुकीला नवा रंग, अंगात नवा पोशाख घेण्यासाठी पोराने हजारो उडवले तर ती खरेदी. पुढे परत आलेल्या बीजीएमआयच्या नियमांत अठरा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला तीन तास खेळायची मर्यादा आहे आणि आईबापाच्या मोबाईलवर ओटीपी जातो. तो नंबर आईचाच आहे का, हे पाहणारा कुणी नाही. शेजारच्या दादाचा दिला तरी चालतो. खर्चाला मर्यादा आहे तीही त्याच नियमांत लिहिलेली आहे. दिवसाला सात हजार रुपये.